लिस्बनचा शिंपी आणि राणी लिओनोर

(एका खेड्यांतील वाचनालयाच्या सभेंत तेथील शाळामास्तरांनीं दिलेलें व्याख्यान)



आज मी तुम्हांला एका राणीची हकीकत सांगणार आहें. राणी आपल्या मुलखाची नव्हे, पोर्तुगालची. गोवें, वसई, चौल येथें ज्या फिरंग्यांनीं ठाणीं दिलीं त्यांचा हा मूळ देश. ते गोव्यांत १५१० सालीं आले आणि १९६१ सालीं गेले, हें तुम्हांला ठाऊक आहे. पण ते इकडे येण्यापूर्वीं सव्वाशें वर्षें त्यांच्या स्वतःच्या घरांत काय चाललें होतें, तेथला शेतकरी आणि कारागीर कोणत्या हालांत होता, हें आपल्याला कोणी सांगत नाहीं. इतिहासाच्या पुस्तकांत राजे येतात, लढाया येतात, तह येतात. शिंपी येत नाहीं, पिंपें ठोकणारा कारागीर येत नाहीं. या हकीकतींत ते दोघेहि नांवानिशीं येतात, म्हणून मी ही निवडली.

त्या काळीं तिकडे समाजाचे तीन थर मानीत. प्रार्थना करणारे पाद्री पहिले, लढणारे सरदार दुसरे, आणि राबून या दोघांना पोसणारे बाकीचे सगळे तिसरे. हा क्रम देवानेंच लावून दिला आहे असें पहिल्या थरांतले लोक सांगत, आणि तिसऱ्या थरांतले लोक तें ऐकत. हें तुम्हांला अधिक फोडून सांगण्याची जरूर नाहीं. असा क्रम आपल्या चांगला ओळखीचा आहे.

इ. स. १३६७ मध्यें फेर्नांदो हा तरुण पोर्तुगालच्या गादीवर आला. बापानें भरलेला खजिना त्याच्या हातीं पडला. शेजारीं कॅस्टीलचें मोठें राज्य होतें. हल्लींच्या स्पेन देशाचा तो मुख्य भाग. तेथल्या राजाचा १३६९ त खून झाला, तेव्हां त्या गादीवर आपलाहि हक्क पोंचतो असें फेर्नांदोला वाटूं लागलें, आणि त्यानें लढाई सुरू केली. या राजानें सोळा वर्षांच्या कारकीर्दींत कॅस्टीलशीं तीन लढाया केल्या. तिन्हींत पदरांत कांहीं पडलें नाहीं. खजिना सरला, तेव्हां नाण्यांतली चांदी कमी केली. नाण्यावरचा आंकडा तोच, पण बाजारांत गेलें कीं त्याला पूर्वींइतकें धान्य मिळेना. राजाची लढाई कारागिराच्या चुलीपर्यंत कशी येते, हें अशा वेळीं कळतें.

पहिली लढाई १३७१ त मिटली. तहांत असें ठरलें कीं फेर्नांदोनें कॅस्टीलच्या राजाची मुलगी करावी. लोकांना वाटलें, सुटलों एकदांचे. इतक्यांत बातमी आली कीं राजाचें मन दुसरीकडेच गुंतलें आहे. ती बाई म्हणजे लिओनोर तेलेस. मोठ्या सरदारघराण्यांतली, रूपानें देखणी, बुद्धीनें तल्लख. पण तिचें लग्न झालेलें होतें, आणि तिला एक मुलगाहि होता. नवरा जुआंव लोरेन्सो द कुन्या हा लहानसा जहागीरदार. नवराबायकोचें जवळचें नातें लागतें, सबब हें लग्नच धर्माला मान्य नाहीं, असा ठराव पाद्र्यांकडून करून घेण्यांत आला. नवरा देश सोडून कॅस्टीलमध्यें निघून गेला. राजाच्या मनांत आलें म्हणजे शास्त्राला वाट सांपडते. हा अनुभव एकाच देशाचा नाहीं.

लिस्बन शहरांत ही बातमी पसरली तेव्हां कारागीर मंडळी उठली. फेर्नांव लोपेस नांवाच्या बखरकारानें हा प्रसंग लिहून ठेवला आहे. तो म्हणतो कीं तीन हजार माणूस जमलें. सगळ्या धंद्यांचे लोक त्यांत होते, तिरंदाज होते, प्यादे होते. त्यांनीं आपल्या वतीनें राजाशीं बोलायला एक माणूस निवडला. तो सरदार नव्हता, पाद्री नव्हता. तो शिंपी होता. त्याचें नांव फेर्नांव वास्केस.

हा शिंपी जमाव घेऊन राजाच्या वाड्यावर गेला. दुसऱ्याची लग्नाची बायको राजानें करूं नये, राजानें राजाचीच मुलगी करावी, असें त्यानें उघड सांगितलें. राजा गोड बोलला. तुमचें म्हणणें मला कळलें, उद्यां सकाळीं सेंट डॉमिनिकच्या मठांत भेटूं, असा वायदा त्यानें केला. दुसऱ्या दिवशीं लोक मठांत जमले आणि वाट पाहत बसले. राजा केव्हांच लिओनोरला घेऊन शहराबाहेर पडला होता! पुढें १३७२ सालीं देशाच्या उत्तर भागांत लेसा गांवीं दोघांचें लग्न लागलें. मग लिस्बनांत चौकशी झाली, धरपकड झाली. शिंपी वास्केस आणि त्याचे सोबती पकडले गेले, त्यांचे हातपाय तोडले, मालमत्ता सरकारजमा केली. ही शिक्षा राणीच्या सूडबुद्धीनें झाली, असें बखर सांगते.

येथें जरा थांबूं या. या शिंप्यानें जें केलें त्यांतला मोठेपणा कोणता? तीन हजार राबणाऱ्या माणसांच्या वतीनें तो राजापुढें उभा राहिला, आणि राजाच्या कारभारांत आम्हांलाहि बोलण्याचा अधिकार आहे, असें त्यानें आपल्या वागण्यानें सांगितलें. हा मोठेपणा खरा. पण त्याच्या तोंडीं जीं कारणें आलीं तीं पाहा. राणी राजकुळांतली नाहीं, तिचें कुळ राजाच्या तोडीचें नाहीं! हीं कारणें सरदारांच्या बैठकींतलीं. शिंप्याच्या घरचें दुःख निराळें होतें. त्याचें दुःख म्हणजे लढाई, कर आणि हिणकस नाणें. तें दुःख पुढें आलें नाहीं. पुढें आली ती बाई. दुखणें पोटांत आणि लेप कपाळाला, असा प्रकार झाला.

याचा पुरावा दूर नाहीं. लग्न मोडलें म्हणून कॅस्टीलचा राजा चालून आला, असें झालें नाहीं. त्यानें ती गोष्ट मनावर घेतली नाहीं; नवा करार करून तो मोकळा झाला. दुसरी लढाई ओढवली ती फेर्नांदोनें इंग्लंडच्या एका राजपुत्राशीं कॅस्टीलविरुद्ध हातमिळवणी केली म्हणून. त्या लढाईंत १३७३ च्या आरंभीं कॅस्टीलची फौज लिस्बनवर आली. जुना कोट लहान होता. कोटाबाहेर वाढलेल्या वस्त्या लुटल्या गेल्या, जाळल्या गेल्या. जळलीं तीं घरें कोणाचीं, हें सांगायला नको. नंतर राजानें शहराभोंवतीं नवा मोठा कोट बांधविला. दोन वर्षांत तो उभा राहिला. आसपासच्या गांवचे लोक त्या कामाला वेठीनें लावले होते.

१३७५ सालीं याच राजानें शेतीचा एक कायदा केला. पंचवीसेक वर्षांपूर्वीं मोठी साथ येऊन गेली होती. माणसें मेलीं, मजूर मिळेनात, जमिनी पडीक राहूं लागल्या. कायद्यानें सांगितलें कीं जमीनमालकानें जमीन कसावी, नाहीं तर दुसऱ्यास कसायला द्यावी. इतकें ठीक झालें. पण पुढें असेंहि सांगितलें कीं ज्याचा बाप किंवा आजा शेतांत राबला, त्यानें गरिबी असेपर्यंत शेतांतच राबावें, आणि मजुरी सरकार ठरवील तितकीच घ्यावी. मजूर कमी झाले तेव्हां मजुरी वाढायची, हा बाजाराचा सरळ न्याय. पण तो न्याय मजुराच्या बाजूला आला त्या दिवशींच कायद्यानें बंद झाला. बापाचा धंदा मुलाच्या गळ्यांत बांधणें हें काम कोठें शास्त्र करतें, कोठें कायदा करतो.

बंधूंनो, लिस्बनची जाळपोळ राणीनें केली नाहीं. नाणें राणीनें बिघडविलें नाहीं. तें काम ती राणी होण्यापूर्वींच सुरू झालें होतें. शेतीचा कायदा राजाच्या शिक्क्यानें निघाला. पण लोकांच्या तोंडीं नांव बसलें तें तिचें. देशाचें वाटोळें कोणीं केलें? त्या बाईनें! असें म्हणणें सोपें पडे, कारण राजाला नांवें ठेवलीं तर हातपाय तुटत.

म्हणून ती निर्दोष होती असें मी म्हणत नाहीं. तिनें आपल्या भावांना, काकामामांना मोठमोठ्या सरदारक्या देवविल्या. शिंप्याच्या शिक्षेंत तिचा हात असेल तर तो डाग तिच्या नांवावर राहीलच. पण ती कारभारांत हुशार होती. हातानें उदार होती, हें तिची निंदा करणाऱ्या बखरकारालाहि लिहावें लागलें. अलीकडे पोर्तुगालांतल्याच अभ्यासकांनीं त्या काळच्या सनदा आणि दानपत्रें तपासलीं. त्यांत राज्याच्या कामांत भाग घेणारी, राजकारण समजणारी बाई दिसते. नुसती रूपावर राज्य करणारी बाई त्यांत दिसत नाहीं.

आतां १३८३ सालाकडे येऊं. राजा आजारी होता. एकच मुलगी जगली होती, बियात्रिस, वय दहा वर्षें. एप्रिल महिन्यांत कॅस्टीलशीं तह झाला आणि मे महिन्यांत त्या दहा वर्षांच्या पोरीचें लग्न कॅस्टीलच्या हुआन राजाशीं लावून दिलें. तहांत असें होतें कीं फेर्नांदोच्या मागें गादी बियात्रिसची; पण तिला मूल होऊन तें चौदा वर्षांचें होईपर्यंत पोर्तुगालचा कारभार राणी लिओनोरनें पाहावा. २२ ऑक्टोबर रोजीं राजा मेला, आणि लिओनोर राज्याची मुखत्यार झाली.

तिची अडचण लक्षांत घ्या. मुलीचा हक्क राखायचा तर मुलीच्या नांवाची द्वाही फिरविली पाहिजे. मुलीच्या नांवाची द्वाही फिरविली कीं जांवयाचें नांव आपोआप आलें, आणि जांवई म्हणजे परका राजा. लिस्बन, सांतारें वगैरे शहरांत द्वाही फिरली तेव्हां लोकांनीं हरकत घेतली. आपला देश कॅस्टीलच्या पोटांत जाईल ही त्यांची भीति खोटी नव्हती. शिवाय राणीचा मुख्य सल्लागार आंदेइरो हाहि परका, गालिसिया प्रांतांतून आलेला. त्याला ओरें येथली सरदारकी दिली होती. राणीचा आणि त्याचा वाईट संबंध आहे अशी कुजबूज जिकडे तिकडे होती. विधवा बाई कारभार करूं लागली म्हणजे पहिला हल्ला तिच्या चालीवर होतो. हिशोब तपासायला अक्कल लागते. चालीवर बोलायला कांहींच लागत नाहीं.

कट शिजला तो कारागिरांच्या घरांत नव्हे. आल्व्हारो पायश नांवाचा म्हातारा, पूर्वीं राजाचा मोठा दिवाण, यानें तो रचला. त्यानें पुढें केला तो जुआंव, आविश नांवाच्या लढवय्या धर्मपंथाचा प्रमुख. हा मेलेल्या राजाचा सावत्र भाऊ, आधींच्या राजाचा लग्नाबाहेरचा मुलगा. ६ डिसेंबर १३८३ रोजीं हा जुआंव वाड्यांत शिरला आणि त्यानें आंदेइरोला ठार केलें. त्याच वेळीं ठरल्याप्रमाणें एक हुजऱ्या घोड्यावर बसून शहरभर ओरडत सुटला कीं वाड्यांत जुआंवला मारताहेत, धांवा! खरें म्हणजे जुआंव मारीत होता, मरत नव्हता. पण लोक धांवले. लाकडें, हत्यारें, मिळेल तें घेऊन वाड्यापुढें जमले. जुआंव खिडकींत दिसला तेव्हां त्यांना हायसें वाटलें.

त्या दिवशीं जमावानें एक भयंकर कृत्यहि केलें. लिस्बनचा बिशप मूळचा कॅस्टीलचा. त्याला मुख्य देवळाच्या मनोऱ्यावरून खालीं टाकून मारलें. पुढें कांहीं लोक यहुदी वस्ती लुटायला निघाले; त्यांना मोठ्या मिनतवारीनें परत फिरविलें. यहुद्यांनीं कोणाचें काय केलें होतें? कांहीं नाहीं. पण खवळलेल्या माणसाला शत्रु कोण हें दुसऱ्यानें दाखविलें कीं तो जवळच्या दुबळ्यावरच पडतो. आपल्या बाजूचे लोक म्हणून हें झांकून ठेवणें बरें नव्हे.

राणी लिस्बन सोडून आधीं आलेंकेर आणि मग सांतारें येथें गेली. आतां लिस्बनांत प्रश्न पडला, पुढें काय? जुआंव तर इंग्लंडला पळून जाण्याच्या विचारांत होता. कारागिरांनीं त्याला अडविलें. तुम्हीं आमचें रक्षण करावें असा धोशा लावला. शहरांतले श्रीमंत व्यापारी आणि प्रतिष्ठित नागरिक मात्र गप्प. बाजी कोणाकडे जाते तें पाहून बोलूं, असा त्यांचा बेत. नगरसभेच्या वाड्यांत बैठक भरली, कोणी तोंड उघडीना. तेव्हां आफोन्सो आनेस पेनेदो नांवाचा पिंपें ठोकणारा कारागीर पुढें झाला. त्यानें तलवारीच्या मुठीवर हात ठेवून त्या मोठ्या लोकांना बजावलें कीं होय कीं नाहीं तें येथेंच सांगा. त्यांच्यापाशीं गमवायला वाडे होते, गलबतें होतीं. त्याच्यापाशीं गळ्याखेरीज गमवायला कांहीं नव्हतें, आणि हें त्यानें बोलून दाखविलें. मोठे लोक होय म्हणाले. १६ डिसेंबर रोजीं जुआंव राज्याचा कारभारी आणि रक्षक झाला. एका देशांत आतां दोन कारभारी. सांतारेंत राणी आणि लिस्बनांत जुआंव.

राणीनें जांवयाला मदतीला बोलाविलें. ही तिची मोठी चूक झाली. जानेवारी १३८४ मध्यें हुआन राजा फौज घेऊन सांतारेंला आला आणि त्यानें पहिलें काम काय केलें? राणीकडून राज्याची मुखत्यारी लिहून घेतली. सासूच्या हातीं कांहींच ठेवलें नाहीं. मग दोघांचें बिनसलें. राणीनें आपल्याविरुद्ध कट केला असा ठपका ठेवून जांवयानें तिला पोर्तुगालबाहेर काढलें आणि कॅस्टीलमध्यें तोर्देसिलास येथल्या जोगिणींच्या मठांत धाडून दिलें. तिला पुन्हां पोर्तुगालांत येतां आलें नाहीं. लोकांनीं तिला परक्याची म्हणून टाकलें. आणि परक्यानें सही मिळाल्यावर टाकलें. मायबहिणींनो, कागदावर सही होईपर्यंत मान, आणि सही झाली कीं मठाची वाट, ही गोष्ट राणीचीच आहे असें समजूं नका. वडिलोपार्जित जमिनीच्या कागदावर बहिणीचा आंगठा घेणारे भाऊ कोणीं पाहिले नाहींत?

मग १३८४ च्या मे महिन्याच्या अखेरीस हुआननें लिस्बनला वेढा दिला. वेढा सप्टेंबरच्या आरंभापर्यंत टिकला. शहरांत उपासमार झाली. पण जो कोट फेर्नांदोनें वेठीच्या हातांनीं बांधविला होता, त्यानेंच शहर राखलें. बाहेर कॅस्टीलच्या छावणींत साथ शिरली, माणसें पटापट मरूं लागलीं, आणि वेढा उठला.

१३८५ च्या वसंतांत कोइंब्रा शहरीं सरदार, पाद्री आणि शहरांचे प्रतिनिधी यांची सभा भरली. गादी कोणाची हें ठरवायचें होतें. जुआंवच्या बाजूनें जुआंव दास रेग्रास नांवाचा कायदेपंडित बोलला. हा त्याच आल्व्हारो पायशचा सावत्र मुलगा. त्याचा मुद्दा असा: लिओनोरचें पहिलें लग्न कायम होतें, म्हणून राजाशीं झालेलें तिचें दुसरें लग्न खोटें, म्हणून बियात्रिस अनौरस, म्हणून गादी रिकामी. गादी रिकामी तर राजा निवडण्याचा अधिकार या सभेचा. ६ एप्रिलला सभेनें जुआंवला राजा केलें. जो स्वतः उघड अनौरस, तो दुसरीला अनौरस ठरवून गादीवर बसला! त्याच वर्षीं १४ ऑगस्टला आल्जुबारोटच्या लढाईंत लहानशा पोर्तुगीज फौजेनें कॅस्टीलच्या मोठ्या फौजेचा पाडाव केला आणि निकाल लागला.

आतां तुमच्या ध्यानांत आलें असेल कीं राणीच्या चालीची गोष्ट इतकी मोठी कां झाली. ती बाई वाईट ठरली तरच तिचें लग्न खोटें ठरायचें, लग्न खोटें ठरलें तरच मुलीचा हक्क बुडायचा, आणि हक्क बुडाला तरच नव्या राजाची गादी खरी व्हायची. तिची बदनामी म्हणजे नुसती बायकांच्या पाणवठ्यावरची कुजबूज नव्हती. तो नव्या घराण्याच्या गादीचा पाया होता. आणि ती बखर कोणाच्या सांगण्यावरून लिहिली गेली? १४३४ सालीं दुआर्ते राजानें फेर्नांव लोपेसला तें काम नेमून दिलें, त्याला वर्षासन दिलें. दुआर्ते हा त्याच जुआंवचा मुलगा. पगार नव्या घराण्याचा, कागदपत्रांच्या दप्तरखान्याची किल्लीहि त्यानेंच दिलेली. मग जुन्या राणीची बाजू कोण लिहिणार? त्या बखरींत फेर्नांदो राजा बिचारा, भोळा, मोहांत सांपडलेला असा दिसतो, आणि सगळें पाप राणीच्या पदरांत.

तरी या लोपेसचा एक उपकार मानला पाहिजे. तो सामान्य कुळांतला असावा असें मानतात. त्यानें शिंप्याचें नांव लिहिलें, पिंपें ठोकणाऱ्याचें नांव लिहिलें, वेढ्यांतल्या उपाशी आयांची हकीकत लिहिली. म्हणून सहाशें वर्षांनंतर या खेड्यांत आपण तीं नांवें घेत आहों. लिहिणारा आपल्यांतला असला म्हणजे निदान आपलें नांव राहतें. पण त्याचा पगार दुसऱ्याच्या हातीं असला म्हणजे दोष कोणाच्या माथीं मारायचा हें पगार देणारा ठरवितो. दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकांत शिकायला मिळतात.

मग त्या कारागिरांना मिळालें काय? एक खरी गोष्ट मिळाली. त्या धामधुमींतच लिस्बनांत चोवीस जणांची सभा निघाली. बारा धंद्यांचे दोन दोन प्रतिनिधी, असे चोवीस. त्यांच्या वतीनें शहराच्या कारभारांत कारागिरांची माणसें बसूं लागलीं. धंद्याचे नियम, बाजार, कर यांवर त्यांना बोलतां येऊं लागलें. ही सभा १८३४ पर्यंत, म्हणजे साडेचारशें वर्षें टिकली. ज्या शिंप्याचे हातपाय तोडले, त्याच्या धंदेबंधूंना बसायला जागा मिळाली. हें फळ लहान नाहीं.

पण बाकीचें कोणाकडे गेलें तेंहि पाहा. आंदेइरोची ओरेंची सरदारकी नव्या राजानें आपला सेनापति नूनो आल्व्हारेस परेरा याला दिली, आणखीहि मोठमोठे मुलूख दिले. जुने सरदार गेले, त्यांच्या जागीं नवे आले. जमिनीचा खंड देणारा मात्र पूर्वींच्याच ठिकाणीं राहिला. जुआंव राजानें १४१५ त आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचें सेउता शहर जिंकलें. त्याच्या मुलानें दर्यावर जहाजें धाडलीं. आणि त्याच्याच पणत्वाच्या, मानुएल राजाच्या अमदानींत आल्बुकर्क १५१० त गोव्यावर उतरला. कारागिरांनीं गळा पणाला लावून ज्या घराण्याला गादी दिली, त्याच घराण्याचीं निशाणें आपल्या किनाऱ्याला लागलीं. पुढें गोव्याच्या नगरसभेंतहि लिस्बनच्या धर्तीवर कारागिरांचे प्रतिनिधी बसले. पण ती सभा पोर्तुगीज वसाहतवाल्यांची होती. स्वतःला मिळालेला न्याय दुसऱ्याच्या दारांत गेल्यावर आंखडला.

बंधूंनो, या हकीकतींतून घ्यायचें तें मी थोडक्यांत सांगतों. गांवांत, पंचायतींत, सोसायटींत कांहीं बिघडलें म्हणजे कोणी तरी येऊन तुमच्या कानांत एक नांव सांगेल. बहुतेक वेळां तें नांव बाईचें असेल, नाहीं तर दुबळ्या जातीचें असेल. त्या वेळीं त्याला विचारा कीं पैसा कोठून आला, कोठें गेला, सही कोणाची आहे? बाई सरपंच झाली तर तिच्या चालीची चर्चा पारावर करूं नका. तिच्याकडून हिशोब मागा, आणि तिच्या आधीं जे पुरुष होऊन गेले त्यांच्याकडूनहि तोच हिशोब मागा. ती चुकली तर चूक दाखवा. शिंप्यानें राजापुढें उभें राहण्याचें धैर्य दाखविलें तें घ्या; पण बोलायचें तें आपल्या दुःखाचें बोला, सरदारांनीं शिकविलेलें बोलूं नका.

आणि आपल्या मुलामुलींना लिहायला शिकवा. नुसती सही करण्यापुरतें नव्हे. सही तर त्या राणीलाहि येत होती. कागद वाचून त्यांत काय घातलें आहे आणि काय गाळलें आहे तें ओळखतां येईल, इतकें शिकवा. या वाचनालयाचें कपाट लहान आहे, पण त्याची किल्ली आपल्याच हातांत आहे. ती दुसऱ्याच्या हातीं जाऊं देऊं नका.